पडद्यावरून जपानी समाज कसा वाचावा : नव्याने पाहणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातल्या आजच्या पंचविशी-तिशीतल्या पुष्कळांची जपानशी पहिली ओळख शाळेतून घरी आल्यावर लावलेल्या हिंदी कार्टून वाहिनीवर झालेली आहे. डोरेमॉन आणि शिनचॅन यांची नावे ठाऊक नसलेले मूल शोधावे लागेल. मात्र त्या मालिकांतले घर, शाळा, रस्ते आणि माणसे पाहून आपण जपानविषयी जे समजून बसलो आहोत, त्यातले किती खरे मानावे, हे कोणी सांगितलेले नसते. पुढे हीच मुले अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आणि जपानी चित्रपट यांच्याकडे वळतात, काही जण पुण्यात जपानी भाषेच्या वर्गाला नाव घालतात, आणि तिथे पहिल्याच महिन्यात पडद्यावरचा जपान आणि पाठ्यपुस्तकातला जपान यांचा मेळ लागेनासा होतो. हा लेख अशा नवख्या प्रेक्षकांसाठी आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच कसोटी आहे, ती आधी सांगतो. कथानकात जे मुद्दाम घडवून आणलेले असते, त्याच्यावर पटकन विश्वास ठेवू नये. पात्रे ज्याच्याकडे वळूनही पाहत नाहीत, ते बारकाईने पाहावे. डोरेमॉनच्या पोटावरच्या खिशातून निघणारी यंत्रे कल्पित आहेत हे सांगायला नको. पण तो रात्री ज्या भिंतीतल्या कपाटात झोपतो, ते कपाट, म्हणजे ‘ओशिइरे’, अगदी खरे आहे. तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत रात्री गाद्या अंथरायच्या आणि सकाळी त्या घडी करून ओशिइरेत ठेवायच्या, की तीच खोली दिवसा बसा-उठायला मोकळी होते. नोबिताच्या घरी याविषयी कोणी एक शब्दही बोलत नाही, कारण मूळ प्रेक्षकाला ते सांगण्याची गरजच नसते. आपल्याला जे शिकायचे आहे ते बहुतेक अशाच न बोललेल्या जागी सापडते.

पहिली पायरी : जे आधीच पाहिले आहे, ते मूळ आवाजात पुन्हा पाहा

सुरुवात गाजलेल्या, गंभीर चित्रपटांनी करू नये. शिनचॅनची सहा-सात मिनिटांची एक गोष्ट घ्यावी, ती जपानी आवाजात आणि उपशीर्षकांसह पाहावी, आणि मग उपशीर्षके बंद करून तीच पुन्हा पाहावी. दुसऱ्या वेळी गोष्ट ठाऊक असल्यामुळे डोळे आपोआप भिंतींकडे, उंबऱ्याकडे आणि जेवणाच्या टेबलाकडे वळतात.

पहिल्यांदा दारात थांबावे. जपानी घराच्या दाराशी ‘गेनकान’ नावाची एक खोलगट जागा असते. तिथे जोडे काढायचे आणि एक पायरी चढून घरात यायचे, असा नियम आहे. शिनचॅनच्या वडिलांच्या, हिरोशीच्या, मोज्यांच्या वासावर इतके विनोद का होतात, ते इथे कळते. दिवसभर बुटात कोंडलेले पाय घरातल्यांसमोर उघडे करण्याचा प्रसंग तिथे रोज संध्याकाळी येतो. याच दारात जाणारा ‘इत्तेकिमासु’ म्हणतो आणि घरातले ‘इत्तेराश्शाइ’ म्हणतात. परतणारा ‘तादाइमा’ म्हणतो आणि त्याला ‘ओकाएरी’ असे उत्तर मिळते. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये, कारण आपणही दारातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि ‘इत्तेकिमासु’चा शब्दशः अर्थही ‘जाऊन येतो’ असाच आहे. शिनचॅन मात्र घरी येताना स्वतःच ‘ओकाएरी’ म्हणतो आणि आई मिसाए त्याला ‘तादाइमा म्हणायचे असते’ असे दरवेळी सुनावते. भाषांतरात हा विनोद पार सांडतो, आणि पाच वर्षांच्या मुलाला शिस्त लावण्याचे काम तिथे कोणत्या शब्दांपासून सुरू होते, हेही त्याच्याबरोबर हरवते.

मग घरातला पैसा पाहावा. हिरोशी पगार मिसाएच्या हाती देतो आणि महिन्याचा हातखर्च, म्हणजे ‘ओकोझुकाइ’, तिच्याकडून मागून घेतो. घराचा हिशेब बायकोने सांभाळायचा, हा जपानी मध्यमवर्गाचा जुना रिवाज आहे. त्यातून गृहिणीने गुपचूप वाचवून ठेवलेल्या पैशांना ‘हेसोकुरी’ असा स्वतंत्र शब्द आहे. डाळीच्या डब्यातल्या नोटा पाहिलेल्या मराठी वाचकाला तो परका वाटणार नाही.

दुसरी पायरी : काळ ओळखा

नवख्या प्रेक्षकाची सर्वांत मोठी चूक इथेच होते. १९५३ चा, १९९२ चा आणि २०२२ चा जपान तो एकाच ‘जपान’ नावाच्या पेटीत टाकतो.

जपानी लोक काळ सम्राटांच्या कारकिर्दीवरून मोजतात : शोवा १९२६ ते १९८९, हेइसेइ १९८९ ते २०१९ आणि १ मे २०१९ पासून रेइवा. वर्तमानपत्रांत, सरकारी अर्जांवर आणि बोलण्यातही ही नावे येतात. ‘तो अगदी शोवातला माणूस आहे’ असे कोणी म्हटले तर ते कौतुक आहे की टोमणा, ते सुरावरून ठरवायचे असते. कोणतीही कलाकृती पाहायला बसताना ती कधी निर्माण झाली आणि कोणत्या काळात घडते, अशी दोन वर्षे वहीत लिहून घ्यावीत. ती पुष्कळदा वेगळी असतात. राक्षसांशी लढणाऱ्या तान्जिरोची ‘डेमन स्लेयर’ ही लोकप्रिय कथा एकविसाव्या शतकात लिहिली गेली असली, तरी घडते ती तैशो काळात, म्हणजे १९१२ ते १९२६ या दरम्यान; त्यामुळे तिच्यात आगगाडी आणि तलवार एकत्र दिसते आणि तलवार बाळगणाऱ्याला पोलिसांची भीती असते.

‘साझाए-सान’ ही मालिका काळाच्या या अभ्यासासाठी फार उपयोगी आहे. माचिको हासेगावा यांची चार चौकटींची ही चित्रमालिका १९४६ मध्ये फुकुओकाच्या एका वृत्तपत्रात सुरू झाली. तिच्यावर आधारलेली दूरचित्रवाणी मालिका ऑक्टोबर १९६९ पासून रविवारी संध्याकाळी लागते आहे आणि जगातली सर्वाधिक काळ चाललेली ॲनिमेशन मालिका म्हणून तिची नोंद आहे. कुटुंबातल्या सगळ्यांची नावे समुद्रातली आहेत : साझाए म्हणजे एक शंखजातीचा प्राणी, भाऊ कात्सुओ म्हणजे एक मासा, बहीण वाकामे म्हणजे समुद्री शेवाळ. घरात एकत्र जेवणारी तीन पिढ्यांची माणसे आहेत आणि साझाएचा नवरा मासुओ सासरी, म्हणजे बायकोच्या माहेरी, राहतो. आपल्याकडे घरजावयाची जी टिंगल होते, तशी मासुओची होत नाही. उलट बायकोच्या आईवडिलांसोबत राहणाऱ्या पुरुषाला जपानीत ‘मासुओ-सान’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. वडील नामिहेइ मात्र टकलावर एक केस उरलेले, घरी किमोनो घालणारे वृद्ध गृहस्थ दिसतात, आणि त्यांचे वय फक्त ५४ आहे हे कळल्यावर आजचे जपानी प्रेक्षकही चकित होतात. मालिका आकाराला आली तेव्हा निवृत्तीचे वय सामान्यतः ५५ होते, एवढे लक्षात घेतले की ते चित्र जागेवर बसते.

शिनचॅनच्या बाबतीत काळाचा उलटा खेळ झाला आहे. मांगा १९९० मध्ये आणि दूरचित्रवाणी मालिका १९९२ मध्ये सुरू झाली, तेव्हा हिरोशी हा थट्टेचा विषय होता : पस्तिशीचा, टोकियोबाहेर साइतामा प्रांतातल्या कासुकाबे गावाहून रोज गर्दीच्या गाडीने ऑफिस गाठणारा, घराच्या कर्जाचे हप्ते फेडण्यात बुडालेला सामान्य नोकरदार. आता तीस वर्षांनी जपानी तरुण त्याच्याकडे पाहून म्हणतात की पस्तिसाव्या वर्षी कायम नोकरी, स्वतःचे दुमजली घर, गाडी, घरी राहणारी बायको आणि दोन मुले असलेला हा माणूस तर भाग्यवान आहे. पात्राची एक रेषाही बदललेली नाही. १९९० नंतर जमिनी आणि शेअर यांच्या किमतींचा फुगवटा फुटून अर्थव्यवस्था मंदावली, कंत्राटी नोकऱ्या वाढल्या, एकाच्या पगारावर चालणारी घरे कमी झाली, आणि २०२४ मध्ये जन्मदर स्त्रीमागे १.१५ मुलांपर्यंत उतरला. मालिकेतले घर तसेच राहिले आणि भोवतालचा देश बदलला. म्हणून काळ न पाहता ‘जपानी कुटुंब असे असते’ असा निष्कर्ष काढू नये.

नोबिताच्या मोकळ्या मैदानातले सिमेंटचे तीन पाइपही असेच. बांधकामे जोरात चालू असताना उपनगरांत अशी मैदाने खरोखर होती. आजचे जपानी मूल ते पाइप फक्त डोरेमॉनमध्येच पाहते.

तिसरी पायरी : हे कोणासाठी बनवले आहे?

मांगा हा एक सरसकट प्रकार मानू नये. नियतकालिके वाचकवर्गानुसार वेगळी निघतात : ‘शोनेन’ मुलग्यांसाठी, ‘शोजो’ मुलींसाठी, ‘सेइनेन’ प्रौढ पुरुषांसाठी, ‘जोसेइ’ प्रौढ स्त्रियांसाठी. अर्थात प्रत्यक्षात कोणीही काहीही वाचते. १९६८ मध्ये सुरू झालेल्या ‘शोनेन जंप’च्या खपाने १९९० च्या दशकाच्या मध्याला आठवड्याला ६५ लाख प्रतींचा टप्पा गाठला होता. अंकासोबतच्या कार्डावर वाचकांनी आवडत्या कथा कळवायच्या आणि त्या पसंतीवरून कोणती कथा चालू ठेवायची ते संपादकांनी ठरवायचे, अशी तिथली रीत आहे. शोनेन कथांत मैत्री, कष्ट आणि विजय इतक्या वेळा का येतात, नायकाला दर काही आठवड्यांनी नवा शत्रू का भेटतो, याचे कारण त्या कार्डांतही शोधावे. ते केवळ ‘जपानी मनोवृत्ती’च्या माथी मारू नये.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत वेळ पाहावी. एनएचके या सार्वजनिक वाहिनीची सकाळची मालिका १९६१ पासून चालू आहे. रोज पंधरा मिनिटे, बहुधा एखादी स्त्री अडचणींवर मात करून उभी राहते. सकाळी आवराआवर करताना कानांनीही समजेल, अशा बेताने ती लिहिलेली असते. १९८३ च्या ‘ओशिन’ने याच वेळेत सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक मिळवले होते, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. रात्री उशिरा लागणारे अ‍ॅनिमे मात्र थोड्या हौशी प्रेक्षकांसाठी असतात. भारतात आपल्याला एकाच ॲपवर हे सगळे शेजारीशेजारी दिसते, आणि मध्यरात्री मोजक्यांनी पाहिलेली मालिका घरोघरी पाहिली जात असावी असा समज होतो.

चौथी पायरी : कोण कोणाला काय म्हणते, ते ऐका

भाषा येत नसली तरी हे ऐकू येते. नावापुढे लागणारे ‘सान’, ‘कुन’, ‘चान’, ‘सामा’, ‘सेन्सेइ’ टिपावेत, आणि काहीच लागलेले नसेल तर तेही टिपावे. ‘सान’ साधा आदराचा, ‘सामा’ त्याहून मोठ्या आदराचा, ‘कुन’ बहुधा मुलग्यांसाठीचा, ‘चान’ लाडाचा आणि ‘सेन्सेइ’ शिक्षकांसाठीचा. डोरेमॉन नोबिताला ‘नोबिता-कुन’ म्हणतो. दांडगट जियान नुसतेच ‘नोबिता’ असे खेकसतो. मैत्रीण शिझुका ‘नोबिता-सान’ म्हणते आणि नोबिता तिला ‘शिझुका-चान’ म्हणतो. चौघांचे नाते या चार हाकांत मांडलेले आहे, आणि हिंदी भाषांतरात तिघेही त्याला ‘नोबिता’च म्हणतात. आपल्याकडे ‘अरे’, ‘अहो’, ‘अगं’ काढून टाकले तर मराठी नाटकाचे जे होईल, तेच इथे झालेले आहे. प्रेमकथेत ‘सान’ गळून पडण्याचा क्षण हा कबुलीइतकाच मोठा असतो.

याहून गमतीचा भाग ‘मी’चा आहे. जपानीत स्वतःसाठी ‘वाताशी’, ‘बोकु’, ‘ओरे’ असे अनेक शब्द आहेत आणि वय, लिंग, प्रसंग यांप्रमाणे ते बदलतात : ‘वाताशी’ सभ्य आणि मुलींच्या तोंडी नेहमीचा, ‘बोकु’ मुलग्यांचा सौम्य, तर ‘ओरे’ मुलग्यांचा मित्रांतला रांगडा. माकोतो शिनकाइ यांच्या २०१६ च्या ‘किमि नो ना वा’ या चित्रपटात गावातली मुलगी शहरातल्या मुलाच्या शरीरात जागी होते आणि त्याच्या मित्रांसमोर ‘वाताशी’ म्हणून अडखळते. मग ‘वाताकुशी’, मग ‘बोकु’, असे करीत शेवटी ‘ओरे’वर आल्यावर मित्रांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ निवळतो. इंग्रजीत हा प्रसंग जवळजवळ अशक्य आहे. मराठीत ‘मी’ एकच असला तरी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगते, त्यामुळे ‘मी हरवले... म्हणजे हरवलो होतो’ असे म्हणून आपण तो सहज उतरवू शकतो. असे कोणी अजून केलेले नाही, याची मला थोडी खंत वाटते.

इथेच एक सावधगिरीची सूचना. अ‍ॅनिमेत ऐकलेली भाषा प्रत्यक्षात बोलू नये. ‘वाशी’ म्हणणारे म्हातारे शास्त्रज्ञ हा पडद्यावरचा ठोकळा आहे. ‘तेमे’ आणि ‘किसामा’ ही संबोधने भांडणातली आहेत. ‘किसामा’ हा शब्द कधी काळी आदराचा होता, पण आज तो वर्गात उच्चारला तर शिक्षिकेच्या चेहऱ्यावर जे दिसेल, ते कोणत्याही उपशीर्षकाशिवाय समजेल.

शब्द ऐकायची सवय झाली की मौनाकडे वळावे, आणि त्यासाठी यासुजिरो ओझू यांचा १९५३ चा ‘टोकियो स्टोरी’ पाहावा. ओनोमिचीहून आलेले म्हातारे आईवडील टोकियोत स्थायिक झालेल्या मुलांकडे येतात. मुले वाईट नाहीत, फक्त कामात आहेत. ती दोघांना आतामीच्या स्वस्त, गोंगाटाच्या विश्रामगृहात पाठवून देतात. केशभूषेचे दुकान चालवणारी मुलगी गिऱ्हाईकाला सांगते की ही गावाकडची ओळखीची माणसे आहेत. आईवडील काहीही बोलत नाहीत. समाजासमोर दाखवायचे ते ‘तातेमाए’ आणि मनातले खरे ते ‘होन्ने’, ही जोडी पुस्तकांत नेहमी ढोंगासारखी समजावली जाते. ओझूंच्या या घरात मात्र ती एकमेकांना न दुखावण्याची कसरत म्हणून दिसते, आणि त्या कसरतीत कोण एकटे पडते, हेही दिसते. आई आजारी पडल्याची तार येते तेव्हा मुलगी प्रवासात सुतकाचे कपडे आठवणीने बरोबर घेते. युद्धात नवरा गमावलेली सून ते आणत नाही. कोणीही यावर भाषण करीत नाही. पुण्या-मुंबईतल्या मुलांकडे पंधरा दिवसांसाठी गेलेले आईवडील ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना इथे भाषांतर लागणार नाही.

पाचवी पायरी : शाळा

शाळेतल्या कथांत दप्तरभर अतिशयोक्ती असते, म्हणून इथे वरची कसोटी काटेकोरपणे लावावी. गच्चीवर निवांत डबा खाणारी मुले ही सोय आहे. बहुतेक शाळांच्या गच्च्यांना कुलूप असते. मुख्याध्यापकांवर हुकूम चालवणारे विद्यार्थी-मंडळ हीही कल्पनाच. नायक नेहमी खिडकीजवळच्या मागच्या बाकावर बसतो, याचे एक साधे कारण असे, की तिथे भोवती फारशी मुले काढावी लागत नाहीत.

खरे असते ते पुढील : दाराशी जोड्यांची कपाटे, आत घालायचे वेगळे बूट, एप्रिलमध्ये चेरीच्या बहरात सुरू होणारे वर्ष, आणि मुलांनी रोज स्वतः वर्ग, जिने व बऱ्याच ठिकाणी स्वच्छतागृहेही झाडून-पुसून काढणे. वरच्या वर्गातला ‘सेनपाइ’ आणि खालचा ‘कोहाइ’ हे नाते तर शाळा सुटल्यावरही संपत नाही. ते पाहायचे असेल तर दर उन्हाळ्यात ह्योगो प्रांतातल्या कोशिएन मैदानावर होणाऱ्या शालेय बेसबॉल स्पर्धेचे चित्रण पाहावे : हरलेली मुले रडत मैदानातली माती पिशवीत भरतात आणि घरी नेतात.

सहावी पायरी : ऑफिस

जपानी पडद्यावर कार्यालय जितके चांगले दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसले असेल. अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरु’ हा चित्रपट १९५२ चा आहे. तीस वर्षे एकही रजा न घेतलेला नगरपालिकेचा अधिकारी वातानाबे याला जठराचा कर्करोग झालेला असतो, आणि डॉक्टर त्याला किरकोळ दुखणे आहे असे सांगतात. रोग्यापासून असा आजार लपवणे तेव्हा रीतीचेच होते. मोहल्ल्यातल्या बायका तुंबलेल्या डबक्याच्या जागी बाग मागायला येतात आणि एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवल्या जातात. हा भाग आपल्याकडच्या कोणत्याही कार्यालयात चित्रित करता आला असता. खास जपानी आहे तो उत्तरार्ध. ती बाग उभी करून वातानाबे मरण पावलेला असतो, आणि त्याच्या तसबिरीसमोर सहकारी जमलेले असतात. उपमहापौर बसलेला असेपर्यंत बागेचे श्रेय वरिष्ठांना दिले जाते. तो उठून गेल्यावर साके फिरू लागते, जिभा सैल होतात, खरे बाहेर येते, आणि सगळे जण रडत शपथा घेतात. दुसऱ्या दिवशी कचेरीत कागद पुन्हा दुसऱ्या विभागाकडे सरकवला जातो. दारूच्या बैठकीत बोललेले सकाळी विसरायचे, हा करार ज्याला समजला, त्याला कंपनीनंतरच्या ‘नोमिकाइ’ नावाच्या पानगोष्ठी का सोसाव्या लागतात तेही समजेल.

याच्या शेजारी २०१३ ची ‘हान्झावा नाओकी’ ही मालिका ठेवावी. बँकेतला एक अधिकारी आपल्यावर खापर फोडणाऱ्या वरिष्ठांना दुप्पट परतफेड करतो आणि शेवटी गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकायला लावतो. या ‘दोगेझा’च्या प्रसंगासाठी शेवटच्या भागाला टोकियो परिसरात ४२.२ टक्के प्रेक्षक लाभले. तिथल्या बँकांत रोज असे घडते असे समजणारा प्रेक्षक फसला. एवढ्या लोकांना ते पाहावेसे का वाटले, हे त्यातून शिकायचे आहे. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ हा शब्द ज्या भाषेने जगाला दिला, तिथे जादा कामाच्या तासांवर दंडासह कायदेशीर कमाल मर्यादा २०१९ मध्ये लागू होऊ लागली.

सातवी पायरी : देव, भुते आणि मृत्यू

आधी दोन इमारती वेगळ्या ओळखाव्यात. लाल किंवा लाकडी कमान, म्हणजे ‘तोरिइ’, दिसली तर ते शिंतो देवस्थान, ‘जिंजा’. धूप, मोठी घंटा, बुद्धमूर्ती आणि मागे स्मशान दिसले तर ते बौद्ध मंदिर, ‘तेरा’. एकच कुटुंब नववर्षाला जिंजात जाते आणि अंत्यविधी तेरात करते, आणि यात कोणालाही विसंगती वाटत नाही.

हायाओ मियाझाकी यांच्या २००१ च्या ‘स्पिरिटेड अवे’मध्ये देव थकूनभागून न्हाणीघरात येतात. त्यात चिखलाने बरबटलेला एक दुर्गंधी पाहुणा असतो. त्याच्या अंगातून सायकल आणि ढीगभर कचरा ओढून काढल्यावर कळते की तो नदीचा देव आहे. मियाझाकींनी स्वतः नदीसफाईत भाग घेतला होता, त्या अनुभवातून हा प्रसंग आला. झाडात, नदीत, उंबऱ्यात देव मानणाऱ्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी नाही. फरक इतकाच की या देवांपुढे कोणी नवस बोलत नाही, त्यांना गरम पाणी लागते. न्हाणीघराची मालकीण तिथे अडकलेल्या नायिकेच्या, चिहिरोच्या, नावातले एक अक्षर काढून घेऊन तिला ‘सेन’ करते, तेही लक्ष देऊन पाहावे.

आपले काही देवही तिकडे बौद्ध धर्माबरोबर पोहोचलेले आहेत. वीणेसारखे वाद्य घेतलेली ‘बेन्झाइतेन’ म्हणजे सरस्वती. ‘एन्मा’ म्हणजे यम. ‘ड्रॅगन बॉल’मधला एन्मा भल्यामोठ्या टेबलामागे बसून मेलेल्यांचे कागद निकालात काढणारा कारकून दिसतो, आणि चित्रगुप्ताची वही ठाऊक असलेल्यांना त्यात नवल वाटू नये.

मृत्यूसाठी २००८ चा ‘ओकुरिबितो’ पाहावा. त्याला परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. नोकरी गेलेला एक वादक प्रेतांना शेवटचे सजवण्याचे काम पत्करतो; बायकोला कळल्यावर ती त्याला अपवित्र म्हणते आणि निघून जाते. कामाचा विटाळ मानण्याची ही रीत आपल्या वाचकाने आरशात पाहावी तशी पाहावी. याच विधींतून दोन व्यावहारिक नियम निघतात. दहनानंतर अस्थी चॉपस्टिकने उचलून एकमेकांकडे दिल्या जातात, म्हणून जेवताना चॉपस्टिकने चॉपस्टिककडे घास देऊ नये, आणि भातात त्या उभ्या खोचू नयेत. किमोनोची डावी बाजू नेहमी उजवीवर यावी. उलट गुंडाळलेला किमोनो प्रेताला नेसवतात. वेशभूषा स्पर्धांत उतरणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही शेवटची गोष्ट आरशासमोर एकदा तपासावी.

आठवी पायरी : आपत्ती

१ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावरच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर पडली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ‘गोजिरा’, म्हणजे गॉडझिला, प्रदर्शित झाला. त्यातला पहिला प्रसंग नौका जळण्याचा आहे. हिरोशिमाला नऊच वर्षे झालेल्या प्रेक्षकांसाठी तो अक्राळविक्राळ प्राणी करमणुकीपुरता नव्हता, हे ध्यानात ठेवूनच तो पाहावा. २०२२ चा ‘सुझुमे’ ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीवर बेतलेला आहे. त्यात ओस पडलेली गावे, बंद पडलेली करमणूक-उद्याने, आणि काळ्या रंगाने खरडून टाकलेली एका लहान मुलीची रोजनिशी आहे. फोनवर एकाच वेळी वाजणारे भूकंपाचे इशारे आपल्याला कथेचा भाग वाटतात. जपानी प्रेक्षक तो आवाज झोपेतही ओळखतो.

नववी पायरी : कोण दिसत नाही ते शोधा

इथवर पाहिलेल्या बहुतेक घरांत जोडे ठेवायला गेनकान होता. हिरोकाझू कोरे-एदा यांनी तो नसलेल्यांना समोर आणले : २००४ च्या ‘नोबडी नोज’मध्ये आईने टोकियोतल्या सदनिकेत सोडून दिलेली मुले आहेत, आणि १९८८ मधल्या एका खऱ्या घटनेवर ती कथा आधारलेली आहे, २०१८ च्या ‘शॉपलिफ्टर्स’मधले कुटुंब दुकानांत चोऱ्या करून आणि आजीच्या पेन्शनवर जगते. २००७ चा, मासायुकी सुओ यांचा ‘सोरे देमो बोकु वा यात्तेनाइ’ हा चित्रपट गाडीत विनयभंगाचा खोटा आरोप आलेल्या तरुणाचा आहे. खटल्यापर्यंत गेलेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक जणांना दोषी ठरवणारी न्यायव्यवस्था त्यात जवळून दिसते, आणि ‘जपान म्हणजे शिस्त’ एवढेच पाठ करून आलेल्या प्रेक्षकाने तो अवश्य पाहावा. होक्काइदोचे मूळ रहिवासी आइनू, ओकिनावाचे लोक, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले कोरियन यांच्यासाठी वेगळी शोधाशोध करावी लागते. आइनूंची ओळख तरुण वाचकांना बरीचशी ‘गोल्डन कामुइ’ या मांगाने करून दिली. टोकियोच्या एदोगावा प्रभागात भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि मराठी असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्या प्रभागसभेवर निवडूनही आले. जपानी मालिकांतला भारतीय मात्र अजून बहुधा करीच्या भांड्यामागेच उभा असतो.

एवढे झाले की पडताळणी करावी. एनएचके वर्ल्डवर ‘डॉक्युमेंट ७२ अवर्स’ हा कार्यक्रम इंग्रजीत विनामूल्य मिळतो : एखाद्या ठिकाणी, मग ते रस्त्यावरचे उपाहारगृह असो की कपडे धुण्याचे दुकान, कॅमेरा तीन दिवस लावायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचे. कथा पाहिल्यावर त्याच प्रकारच्या जागेचा एक भाग पाहावा आणि वहीतल्या नोंदींशी ताडून घ्यावा. जे दोन्हीकडे सापडेल ते ठेवावे, बाकीच्यापुढे प्रश्नचिन्ह काढावे.

पहिल्या महिन्याचा क्रम असा ठेवता येईल : पहिल्या आठवड्यात शिनचॅनच्या पाच गोष्टी दोनदा, दुसऱ्यात ‘किमि नो ना वा’ आणि शाळेची कोणतीही एक मालिका, तिसऱ्यात ‘इकिरु’, तोही दोन बैठकांत, कारण उत्तरार्धाला ताजे डोळे लागतात, चौथ्यात ‘टोकियो स्टोरी’. शेवटच्या चित्रपटाला फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि शक्य असेल तर तो आईवडिलांसोबत पाहावा.